पिंचबॅक : सत्ता पाच आठवड्यांची, वृत्तपत्र बारा वर्षांचे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतील लुईझियाना राज्यात एक कृष्णवर्णीय राज्यपाल पायउतार झाले. त्यांचे नाव पी. बी. एस. पिंचबॅक. आपल्या चळवळीतील तरुणांनी हा माणूस समजून घेतला पाहिजे.

पिंचबॅक यांचा जन्म १८३७ साली जॉर्जिया राज्यात झाला. वडील गोरे मळेवाले, आई त्यांचीच पूर्वीची गुलाम. १८४८ मध्ये वडील वारले. आपल्याला पुन्हा गुलाम केले जाईल या भीतीने आई मुलांना घेऊन सिनसिनाटीला पळाली. शाळा सुटली आणि बारा वर्षांचा हा मुलगा बोटींवर कामाला लागला.

यादवी युद्धात त्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय सैनिकांची भरती केली आणि ते कॅप्टन झाले. पण सैन्यातही रंगभेद होताच. त्याच्या निषेधार्थ १८६३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

गुलामगिरी संपल्यावर ते राजकारणात उतरले. लुईझियानाच्या १८६८ च्या संविधानसभेत ते होते. सार्वजनिक वाहनांत आणि सार्वजनिक ठिकाणी सर्वांना समान हक्क देणारे कलम त्या संविधानात आले. त्याच वर्षी ते राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. पण केवळ आमदारकीवर ते थांबले नाहीत. १८७० च्या डिसेंबरात त्यांनी ‘लुईझियानियन’ हे वृत्तपत्र सुरू केले. गोऱ्यांची वृत्तपत्रे कृष्णवर्णीयांची बदनामी करत असताना समाजाची बाजू मांडणारे स्वतःचे पत्र हवे, हे त्यांनी ओळखले होते.

१८७२ च्या डिसेंबरात राज्यपालांवर महाभियोग सुरू झाला आणि उपराज्यपालपदाची धुरा सांभाळणारे पिंचबॅक राज्यपाल झाले. ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय राज्यपाल. हे पद जेमतेम पाच आठवडे टिकले. पुढे राष्ट्रीय सिनेटसाठी त्यांची निवड झाली, पण सिनेटने तीन वर्षे वाद लांबवून १८७६ मध्ये त्यांना जागा नाकारली.

पिंचबॅक निष्कलंक नव्हते. पदाचा वापर करून पैसा कमावल्याचे आरोप त्यांच्यावर झाले. १८७९ च्या संविधानसभेत त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या विद्यापीठाची मागणी लावून धरली, तेव्हा वेगळेपणाला मान्यता दिल्याची टीका स्वकीयांनीच केली. ती टीका चुकीची नव्हती. १८९० मध्ये त्याच राज्यात रेल्वेचे वेगळे डबे सक्तीचे झाले आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १८६८ चे समतेचे कलम तोवर इतिहासजमा झाले होते.

पण त्या मागणीतून १८८० साली उभे राहिलेले सदर्न विद्यापीठ आजही चालू आहे. ‘लुईझियानियन’ १८८२ पर्यंत निघत राहिले. १९२१ साली पिंचबॅक वारले. त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते.

दुसऱ्या कृष्णवर्णीय राज्यपालासाठी अमेरिकेला १९९० पर्यंत थांबावे लागले. निवडून आलेल्या माणसालाही सभागृहाच्या दारातून परत पाठवता येते, संविधानातले कलमही पुसता येते. म्हणून निवडणुकीच्या धावपळीत आपली वृत्तपत्रे, आपली वसतिगृहे आणि आपली विद्यालये दुर्लक्षित राहू नयेत. सत्ता गेल्यावर समाज त्यांच्याच आधाराने उभा राहतो.

जय भीम.