कुंडीतली फिल्म

सायन्सच्या प्रोजेक्टसाठी टाइमलॅप्स व्हिडिओ करायचाय? मग दादासाहेब फाळकेंचा वाटाणा आठवा.

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलं, मग सिनेमाचं वेड लागलं. फिल्म्स पाहून पाहून डोळे जायची वेळ आली. उपचारांनी ते वाचले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. पण पैसा लावणार कोण? हा माणूस सिनेमा काढू शकतो, यावर विश्वास कोण ठेवणार?

फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, रोपटं वाढलं. ते पाहून पैसे मिळाले, तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

पुढे बोलपट आले, फाळके मागे पडले. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या सिनेमाची सुरुवात मात्र त्या कुंडीतच झाली होती. तुमच्या प्रोजेक्टला मार्क कितीही पडोत, महिनाभर रोज कॅमेऱ्यापाशी जायचं तेवढं चुकवू नका!