शेरलॉकचा जनक आणि दावोसचा हिवाळा

दरवर्षी जानेवारीत भरणाऱ्या जागतिक आर्थिक परिषदेमुळे स्वित्झर्लंडमधील दावोस हे नाव मराठी वाचकांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. ही परिषद १९७१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी शंभर वर्षे मात्र युरोपात हे नाव घेतले जाई ते क्षयरोगाच्या संदर्भात. समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवरील या गावी क्षयाचे रुग्ण अखेरच्या आशेने येत आणि त्यांतील अनेक जण परत जात नसत. अशाच एका रुग्ण पत्नीला घेऊन १८९३ च्या अखेरीस एक ब्रिटिश लेखक येथे दाखल झाला. त्याचे नाव आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सचा निर्माता म्हणून त्यांना सारे जग ओळखते. आल्प्समधील हिवाळी पर्यटनाच्या वाढीतही त्यांचा वाटा आहे आणि तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळाशी जोडलेला आहे, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

शाळकरी वयातील आल्प्स

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील चार्ल्स हे सरकारी कचेरीत नोकरीस असलेले चित्रकार. पुढे मद्याच्या आहारी जाऊन त्यांनी नोकरी गमावली आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांना मनोरुग्णालयांत काढावी लागली. घराचा भार आई मेरी यांनी वाहिला. नातलगांच्या मदतीने आर्थर यांचे शिक्षण जेझुइट पंथाच्या शाळांत झाले. त्यातील शेवटचे वर्ष, १८७५-७६, त्यांनी ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथे काढले. स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइन यांच्या सीमेलगतचे हे मध्ययुगीन गाव. डोक्यावर शाटेनबुर्ग किल्ला आणि भोवती आल्प्सच्या रांगा. जर्मन भाषा, शाळेच्या वाद्यवृंदातील भलेमोठे पितळी वाद्य आणि बर्फावरच्या घसरगाड्या यांची ओळख त्यांना येथेच झाली. आल्प्सची ही पहिली भेट निर्भेळ आनंदाची होती.

त्यानंतर एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. तेथील डॉ. जोसेफ बेल हे रुग्णाकडे केवळ पाहून त्याचा व्यवसाय आणि पूर्वेतिहास सांगत असत. होम्स या व्यक्तिरेखेचे बीज त्यांच्यात आहे, हे सर्वश्रुत आहे. शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच, १८८० मध्ये, डॉयल यांनी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून आर्क्टिक सागराची सफर केली. पदवीनंतर १८८२ मध्ये त्यांनी पोर्ट्समथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रुग्ण बेताचेच येत. मोकळा वेळ लेखनात जाई. १८८५ मध्ये लुईझा हॉकिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या आणि त्याच वर्षी डॉयल यांनी वैद्यकी सोडून लेखणीवर जगण्याचा निर्णय घेतला.

या साऱ्या धामधुमीत घडलेली एक घटना पुढील आयुष्याच्या दृष्टीने लक्षणीय ठरली. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये या रोगावर उपाय सापडल्याचे जाहीर केले. साऱ्या युरोपातून डॉक्टर आणि रुग्ण बर्लिनकडे धावले. त्यांत डॉयलही होते. तेथील रुग्णालये पाहून त्यांनी जो अहवाल लिहिला, तो सावधगिरीचा इशारा देणारा होता. हा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही आणि त्यावर विसंबून रुग्णांनी आशा बांधू नयेत, असा त्याचा आशय होता. तो इशारा खरा ठरला. क्षयाला औषध नाही, हे डॉयल यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

धबधबा आणि निदान

१८९३ मध्ये डॉयल दांपत्य स्वित्झर्लंडला गेले. ल्युसर्न येथे साहित्यावर व्याख्यान हे त्या प्रवासाचे निमित्त होते. सरोवराकाठचे हे जुने शहर तेव्हाही प्रवाशांनी गजबजलेले असे. होम्सच्या वाढत्या लोकप्रियतेला डॉयल या सुमारास पुरते कंटाळले होते. आपले खरे कर्तृत्व ऐतिहासिक कादंबऱ्यांत आहे आणि हा गुप्तहेर त्यांच्या आड येतो, अशी त्यांची धारणा झाली होती. त्याला संपवण्याचा निश्चय त्यांनी केला होता. बर्न प्रांतातील मायरिंगन या गावाजवळचा रायशेनबाख धबधबा त्यांना त्यासाठी योग्य वाटला. एकूण सुमारे २५० मीटर खाली कोसळणाऱ्या या प्रपाताच्या कड्यावर होम्स आणि त्याचा शत्रू मोरियार्टी यांची अखेरची झुंज त्यांनी रंगवली. ती कथा डिसेंबर १८९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वाचकांत संतापाची लाट उसळली. डॉयल यांच्यावर निषेधाच्या पत्रांचा वर्षाव झाला.

त्यांच्या घरात त्या वेळी निराळीच झुंज चालू होती. स्वित्झर्लंडहून परतल्यानंतर लुईझा यांना खोकला आणि छातीत दुखणे सुरू झाले. तपासणीअंती क्षयाचे निदान झाले आणि तोही झपाट्याने वाढणारा. काही महिन्यांचेच आयुष्य उरले आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले. ऑक्टोबरमध्ये वडील चार्ल्स यांचे मनोरुग्णालयात निधन झाले होते. वैद्यकाची पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या आणि बर्लिनला जाऊन क्षयाची चिकित्सा अभ्यासलेल्या पतीच्या नजरेतून पत्नीचा आजार निसटला होता. चार वर्षांची मुलगी आणि वर्षभराचा मुलगा यांना आजीकडे ठेवून डॉयल यांनी लुईझा यांना दावोसला नेले. बहीण लॉटी सोबतीला होती.

गाव रुग्णांचे

दावोस हे मुळात गुराख्यांचे आणि शेतकऱ्यांचे डोंगरी गाव. १४३६ मध्ये ‘दहा न्यायमंडळांचा संघ’ येथे स्थापन झाला, एवढा त्याचा इतिहास जुना. सेंट जॉन चर्चचा पीळ पडलेला मनोरा आजही गावाची खूण म्हणून दाखवला जातो. १८५३ मध्ये अलेक्झांडर स्पेंगलर हे जर्मन डॉक्टर येथे नेमणुकीवर आले. स्थानिक रहिवाशांत क्षय आढळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि कोरडी हवा, लख्ख ऊन व विश्रांती यांवर आधारलेली उपचारपद्धती त्यांनी रूढ केली. १८६५ मध्ये भर हिवाळ्यात पहिले रुग्ण येथे राहायला आले. दोन वर्षांनी विलेम यान होल्सबूर हे डच गृहस्थ आपल्या आजारी इंग्रज पत्नीला घेऊन आले. पत्नी वाचली नाही, पण होल्सबूर तेथेच राहिले. स्पेंगलर यांच्यासोबत त्यांनी आरोग्यधाम उभारले आणि पुढे रेल्वेसाठी पुढाकार घेतला. १८९० मध्ये रेल्वे दावोसपर्यंत पोहोचली.

डॉयल दांपत्य याच आरोग्यधामातील हॉटेलात, कुरहाउसमध्ये, उतरले. लुईझा यांचा दिवस सज्ज्यात, उन्हात पडून जाई. हवा त्यांना मानवली आणि प्रकृतीत सुधारणा दिसू लागली. डॉयल यांची लेखणी चालूच होती. ब्रिगेडियर जेरार या फ्रेंच सैनिकाच्या कथांचा आरंभ याच मुक्कामात झाला. मात्र, धिप्पाड बांध्याच्या आणि मैदानी खेळांची आवड असलेल्या या माणसाला रुग्णांच्या गावात नुसते बसून राहणे अशक्य होते. त्यांनी गोल्फचे मैदान आखायला घेतले, तर गाई खुणेची लाल निशाणे चघळून टाकत.

आरोसाची खिंड

अखेर त्यांचे लक्ष स्कीकडे गेले. नॉर्वेत स्की ही शतकानुशतके दळणवळणाची साधी सोय होती. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्योफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्यावर युरोपभर या साधनाविषयी कुतूहल जागे झाले. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस येथे १८९३ मध्ये स्की क्लब स्थापन झाला. दावोसमध्ये टोबियास आणि योहानेस ब्रांगर हे बंधू स्कीचा सराव करत होते. गावकऱ्यांची थट्टा टाळण्यासाठी ते अंधार पडल्यावर बाहेर पडत, असे सांगितले जाते. डॉयल त्यांचे शिष्य झाले. सुमारे आठ फूट लांब आणि चार इंच रुंद अशा लाकडी पट्ट्या पायांना बांधून चालणे सोपे नव्हते. पडणे, धडपडणे, पुन्हा उठणे यांत कित्येक दिवस गेले.

२३ मार्च १८९४ रोजी पहाटेच्या अंधारात हे तिघे निघाले. मायेनफेल्डर फुर्गा ही सुमारे २४०० मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातील आरोसा गाठायचे होते. ब्रांगर बंधूंनी आदल्या वर्षी हा मार्ग पार केला होता. रस्त्याने जायचे, तर खूरमार्गे मोठा वळसा पडे. चढण पार झाल्यावर एका अतितीव्र उतारावर ब्रांगर बंधूंनी स्की काढून त्यांची एकत्र बांधणी केली आणि त्यांवर बसून घसरत जाण्याची युक्ती काढली. डॉयल यांच्या स्की मात्र निसटून एकट्याच खाली गेल्या. उरलेला उतार त्यांना विजारीच्या आधारानेच पार करावा लागला. सुमारे सात तासांत तिघे आरोसाला पोहोचले. गावातील लोक दुर्बिणी लावून त्यांना पाहत होते. हॉटेलच्या नोंदवहीत टोबियास यांनी डॉयल यांच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात खेळाडू अशी नोंद केली आणि लेखकाला तिचा विलक्षण आनंद झाला.

या सफरीचा वृत्तांत डॉयल यांनी डिसेंबर १८९४ च्या ‘स्ट्रँड’मध्ये लिहिला. होम्सच्या मृत्यूची कथा ज्या मासिकात आली, त्याच मासिकात बरोबर वर्षभराने आल्प्सचा हिवाळा हा आनंदाचा विषय म्हणून लाखो वाचकांसमोर आला. एक दिवस इंग्रज माणसे शेकड्यांनी केवळ स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील, असे भाकीत त्यांनी त्यात केले होते. पुढे आठवणी लिहिताना या प्रांतात स्की आणण्याचे श्रेय त्यांनी स्वतःकडे थोडे अधिकच घेतले. वाट ब्रांगर बंधूंनी काढली होती, ती जगाला माहीत करून दिली डॉयल यांनी. ज्यांच्या परिषदांमुळे ल्युसर्नला व्याख्याने होत, त्या हेन्री लन यांनीच पुढे इंग्रज प्रवाशांच्या हिवाळी सहलींचा मोठा व्यवसाय उभारला आणि त्यांचे पुत्र आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये म्यूरेन येथे आधुनिक स्लालम शर्यतीचा पाया घातला.

तेरा वर्षे

दावोसनंतर मालोया आणि जिनिव्हा सरोवरावरील डोंगरातील को येथेही या कुटुंबाचे मुक्काम झाले. इंग्लंडमध्ये हाइंडहेडची कोरडी हवा क्षयरुग्णांना मानवते, असे कळल्यावर डॉयल यांनी तेथे घर बांधले आणि १८९७ मध्ये कुटुंब मायदेशी स्थिरावले. त्याच वर्षी जीन लेकी या तरुणीशी त्यांची ओळख होऊन ते तिच्या प्रेमात पडले. पत्नीची शुश्रूषा त्यांनी सोडली नाही, पण मनावरचे ते ओझे अखेरपर्यंत उतरले नाही. काही महिन्यांची मुदत मिळालेल्या लुईझा जवळजवळ तेरा वर्षे जगल्या. ४ जुलै १९०६ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर खचलेल्या डॉयल यांना पुन्हा उभे केले ते जॉर्ज एडल्जी यांच्या प्रकरणाने. मूळच्या मुंबईच्या आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेल्या शापूरजी एडल्जी या पारशी गृहस्थांचा हा वकील मुलगा. जनावरांना जखमी केल्याच्या आरोपावरून त्याला १९०३ मध्ये शिक्षा झाली होती. एवढी अधू दृष्टी असलेला माणूस रात्री शेतांतून जाऊन हे कृत्य करूच शकत नाही, हे नेत्रवैद्यक शिकलेल्या डॉयल यांनी ओळखले. त्यांच्या लेखमालेनंतर १९०७ मध्ये एडल्जी यांना माफी मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला. १९०७ मध्येच डॉयल यांनी जीन लेकी यांच्याशी विवाह केला.

होम्सला त्यांनी १९०३ मध्ये पुन्हा जिवंत केले होते. पुत्र किंग्जली १९१८ मध्ये गेला आणि उत्तरायुष्य परलोकविद्येच्या प्रचारात सरले. ७ जुलै १९३० रोजी डॉयल यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच दावोसमध्ये पार्सेन डोंगरावर स्कीपटूंना नेणारी रेल्वे सुरू झाली. प्रतिजैविके आल्यावर क्षयाची आरोग्यधामे ओस पडली आणि त्यांतील अनेकांची हॉटेले झाली. मायरिंगनमध्ये होम्सचा पुतळा आणि संग्रहालय पाहण्यासाठी आज जगभरातून प्रवासी येतात. दावोसहून आरोसाला थेट रेल्वे मात्र अजूनही नाही. आगगाडीने जायचे, तर आजही खूरचा वळसा घ्यावा लागतो. खिंडीतून जाणारी ती वाट अजूनही पायी किंवा स्कीवरूनच पार करावी लागते.