काका बाप्तिस्ता आणि ईस्ट इंडियन हें नांव

तुम्ही पश्चिम किनाऱ्याचे रहिवासी असून ईस्ट इंडियन, म्हणजे पूर्वेकडील हिंदी, कां म्हणवितां, असें कोणीं विचारिलें तर गोराईचीं आमचीं पुष्कळ मुलें निरुत्तर होतात. आडनांव ऐकून कोणी परकें म्हटलें तर तीं खट्टूही होतात. अशा मुलांस आम्ही बॅरिस्टर जोसेफ बाप्तिस्ता यांचें चरित्र सांगतों.

गोराईच्या उत्तरेस, त्याच बेटावर, उत्तन गांव आहे. बाप्तिस्तांचे वडील मूळचे तेथील. जोसेफ यांचा जन्म १८६४ सालीं मुंबईत, माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. बाप्तिस्ता या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बाप्तिस्मा देणारा. वसई, साष्टी व मुंबई येथील अनेक लोक पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झाले, तेव्हां त्यांस अशीं आडनांवें मिळालीं. घरची भाषा मात्र मराठीच राहिली. पुढें इंग्रजांच्या राज्यांत त्यांस पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. नोकरीसाठीं गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांसही तेंच नांव लागूं लागलें, तेव्हां आपण येथलेच मूळ रहिवासी व इंग्रज सरकारचे प्रजाजन आहोंत हें दाखविणें त्यांस अगत्याचें वाटलें. म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं, त्यांनीं ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीची स्मृति आहे, असें सांगतात.

असें हें नांव राजनिष्ठेंतून जन्मलें. बाप्तिस्ता तेव्हां तेवीस वर्षांचे होते. पुण्यास इंजिनियरिंगचें शिक्षण घेऊन त्यांनीं वनखात्यांत नोकरी केली. नंतर केंब्रिज येथें शिकून १८९९ सालीं ते बॅरिस्टर झाले. सरकारची मर्जी संपादून सुखानें राहणें त्यांस कठीण नव्हतें. परंतु त्यांनीं लोकमान्य टिळकांस साथ दिली. १९१६ सालीं बेळगांव येथें स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९२० सालीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला, आणि १९२५ सालीं ते मुंबईचे महापौर झाले. १९३० सालीं त्यांचें देहावसान झालें.

लोक त्यांस काका म्हणत. आडनांव पोर्तुगीज, समाजाचें नांव इंग्रजी. पण लोकांनीं प्रेमानें दिलेलें हें नांव मराठी. पहिलें त्यांस वडिलार्जित मिळालें, दुसरें समाजाकडून मिळालें, तिसरें त्यांनीं सेवेनें मिळविलें. मुलांनो, ईस्ट इंडियन म्हणवून घेण्यांत संकोच नको. त्या नांवाचा माणूस या देशाचा किती आपला असूं शकतो, हें काकांनीं दाखविलें आहे.