लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते होते. लोखंडी नांगर व पाण्याचे पंप देशात तयार करून ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

घराणे व शिक्षण

किर्लोस्कर हे आडनाव सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील किर्लोस या गावावरून आले आहे. या घराण्याचे पूर्वज कोकणातून घाटावर गेले. लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावचा.

चित्रकलेची आवड असल्याने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळल्यामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

सायकल ते नांगर

१८८८ मध्ये बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे नोकरी सोडून ते पूर्णवेळ या व्यवसायात उतरले. कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ त्यांनी लोखंडी नांगर बनविला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे तयार केलेल्या नांगरांना पहिले गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. ही ३२ एकर जमीन कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ होती. निवडुंग आणि नाग यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० मध्ये या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले.

पंपनिर्मिती

विहिरीचे पाणी तेव्हा बैलांच्या मोटेने उपसले जाई. त्याला पर्याय म्हणून किर्लोस्करवाडीत हातपंप आणि पुढे १९२० च्या दशकात अपकेंद्री पंप तयार होऊ लागले.

अपकेंद्री पंपाच्या कवचात वक्र पात्यांचे चक्र वेगाने फिरते. चक्राच्या मध्यातून आलेले पाणी कडेकडे फेकले जाते व दाबाने बाहेरच्या नळीत चढते. मध्यभागी दाब कमी झाल्याने विहिरीतील पाणी हवेच्या दाबामुळे शोषनळीतून वर येते. पंपात हवा असल्यास हे घडत नाही. म्हणून तो सुरू करण्यापूर्वी नळी व कवच पाण्याने भरावे लागते. हे पाणी खाली उतरू नये यासाठी नळीच्या तळाशी झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, बसवितात. शोषण प्रत्यक्षात सहा-सात मीटर उंचीपर्यंतच समाधानकारक होत असल्याने खोल विहिरीत पंप आतील बाजूस, पाण्याच्या जवळ बसवावा लागतो.

फूट व्हॉल्व्हची जाळी साफ ठेवणे, बेअरिंगला वंगण देणे आणि दांड्याभोवतीचे झिजलेले पॅकिंग बदलणे ही देखभालीची मुख्य कामे होत. पॅकिंगमधून थेंब-थेंब पाणी गळणे योग्य असते. ते पूर्ण थांबेल इतके आवळल्यास दांडा तापतो व झिजतो. ही कामे साध्या अवजारांनी होतात. त्यामुळे नांगराप्रमाणेच पंपाची निगाही शेतकऱ्याला गावातच राखता आली.

मृत्यू व वारसा

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन उद्योगाचा विस्तार केला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट प्रसिद्ध केले. त्यांच्या पूर्वजांच्या किर्लोस गावी आज सिंधुदुर्ग जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे.