कळकातला घुण आणि बीसनसाहेब

(बी. ए. भाग २)

आमच्या घरात पहाटे पहिला आवाज येतो तो कळक चिरण्याचा. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बुरुडकाम करतात. सुपे, दुरड्या, हारे, कोंबड्या झाकायची डालगी असा माल आमच्या ओसरीवर तयार होतो आणि आष्ट्याच्या बाजारात विकला जातो. प्लॅस्टिकच्या पाट्या आल्यापासून गिऱ्हाईक कमी झाले आहे. जे येते ते सूप उलटे करून, झटकून बघते. त्याला धास्ती असते घुणाची. नव्या सुपातून पांढरे पीठ गळू लागले की ते सूप परत आलेच म्हणून समजावे.

मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर आमचा सगळाच कळक घुणला. रात्री दिवा मालवला की ओसरीवरून बारीक कुरकुर ऐकू येई. अण्णा कळक नेहमी अंधाऱ्या पाखात तोडतात. चांदण्या पाखात तोडलेल्या कळकाला घुण लागतो अशी त्यांची खात्री आहे. या खेपेलाही त्यांनी तो अंधाऱ्या पाखातच तोडला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या तोऱ्यात मी अण्णांना ही निव्वळ अंधश्रद्धा आहे असे सगळ्यांदेखत सुनावले. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला कळकाला हात लावू दिला नाही.

पुढे पर्यावरण विषयाच्या प्रकल्पासाठी मी घुण हाच विषय घेतला आणि सरांनी मला एक नाव सांगितले, बीसन. जंगलातील कीटकांचा अभ्यास करणाऱ्या लोकांत हे नाव आजही आदराने घेतात. या माणसाचे चरित्र मी शोधू लागलो ते मार्कांसाठी. ते मला कुठे घेऊन गेले, ते सांगण्यासाठी हा लेख.

सिरिल फ्रेडरिक चेरिंग्टन बीसन यांचा जन्म १८८९ साली झाला. ते ऑक्सफर्ड शहरात वाढले. शाळेत त्यांचा जिवलग मित्र होता टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पुढे पहिल्या महायुद्धात अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून गाजलेला तो लॉरेन्स. ही दोन पोरे सायकलवरून गावोगावची जुनी चर्चे पाहत हिंडत. तिथल्या पितळी स्मृतिपट्ट्यांवर कागद ठेवून, घासून त्यांचे ठसे घेत. ऑक्सफर्डमध्ये कुठे नव्या इमारतीचा पाया खणला जात असला की तिथे जाऊन उभे राहत आणि मातीतून निघालेली जुनी भांडी, खापरे गोळा करून ॲशमोलियन संग्रहालयाला देत. १९०६ आणि १९०७ च्या उन्हाळ्यात दोघांनी फ्रान्समध्ये सायकलवर फिरून जुने किल्ले पाहिले, मोजले, त्यांची चित्रे काढली. पुढे एक मित्र वाळवंटात गेला आणि दुसरा आपल्या देशातल्या जंगलात आला. बारीक गोष्टीकडे टक लावून बघण्याची सवय मात्र बीसन यांच्या अंगात या भटकंतीतच मुरली असावी असे मला वाटते.

ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून ते हिंदुस्थानच्या वनखात्यात दाखल झाले. डेहराडूनला १९०६ साली वनसंशोधन संस्था सुरू झाली होती. तिथे १९१३ पासून बीसन जंगलातील कीटकांचे काम पाहू लागले आणि १९४१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेच करीत राहिले. मधली रजा आणि महायुद्धाचा काळ सोडला तरी एका माणसाने एका विषयाला दिलेली ही जवळजवळ सारी उमर होय.

त्या काळी सरकारला जंगल म्हणजे प्रामुख्याने लाकूड. रेल्वेचे स्लीपर, इमारतींच्या तुळया, जहाजांच्या फळ्या सगळे तिथूनच यायचे. म्हणून लाकूड पोखरणारा किडा हा सरकारचा शत्रू होता. बीसन यांनाही शत्रू मारण्यासाठीच नेमले होते. पण त्यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला. हा किडा याच झाडावर का आला आणि शेजारच्या झाडावर का नाही?

या प्रश्नाची मोठी परीक्षा सालाच्या जंगलात झाली. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि आपला विदर्भ व मंडला-बालाघाटची सालवने एकाच कारभाराखाली होती. १९२३ ते १९२८ या काळात त्या बाजूला सालाच्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली आणि लाखो झाडे वाळली. हा लांब मिशांचा भुंगेरा पहिला पाऊस पडला की झाडातून बाहेर येतो. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आधी सालीखाली खाते, मग आत शिरून गाभा पोखरते, आणि खाली बुंध्याशी भुशाचा ढीग साचतो. वर्षभराने पुन्हा पाऊस आला की नवा भुंगेरा बाहेर पडतो.

पण झाडही काही हात बांधून उभे नसते. धडधाकट साल झाड जखमेतून राळ सोडते आणि लहान अळी त्या राळेतच बुडून मरते. दुष्काळाने, गर्दीने किंवा वयाने खंगलेल्या झाडाला मात्र पुरेशी राळ सोडता येत नाही. एरवी भुंगेरे थोडे असतात आणि पडलेल्या, मरणाला टेकलेल्या झाडांवर भागवतात. कमकुवत झाडे एकदम फार झाली की त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि मग धडधाकट झाडाची राळही पुरी पडत नाही. म्हणून बीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भर राहिला तो जंगलाच्या तब्येतीवर. खंगलेली झाडे वेळीच काढावीत, तोडलेला ओंडका पावसाळ्यात जंगलात पडू देऊ नये, लागण झालेले झाड भुंगेरा बाहेर पडण्याआधी हलवावे. त्यांच्या काळात रुळलेली सापळावृक्षाची पद्धत तर गमतीची आहे. पावसाळ्यात एखादे साल झाड पाडून त्याची साल ठेचायची. त्या रसाच्या वासाने भुंगेरे जमतात, रस पिऊन सुस्तावतात आणि माणसे ते हाताने वेचतात. १९९० नंतरच्या दशकात मंडला भागात पुन्हा साथ आली, तेव्हाही वनखात्याने गावकऱ्यांना भुंगेऱ्यांमागे पैसे देऊन ते असेच वेचून घेतले.

सागाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे याच जातीचे होते. नुसत्या सागाची रांगेने लागवड केली की पाने खाणाऱ्या अळ्यांना मेजवानीच मिळते. मध्ये इतर झाडेझुडपे राहू दिली, तर या अळ्यांना खाणारे आणि त्यांच्या अंगात अंडी घालणारे कीटकही तिथे टिकतात. हे वाचताना मला आपलाच ऊस आठवला. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पाने काळी पडली होती, फवारण्या करून शेतकरी थकले होते, असे आमच्या आळीतली म्हातारी माणसे सांगतात. अखेर माव्याला आळा बसला त्यात डिफा नावाच्या अळीचा आणि मायक्रोमस नावाच्या कीटकाचा मोठा वाटा होता. दोघांचे खाणेच मावा हे आहे.

१९४१ साली बीसन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारत आणि शेजारच्या देशांतील वनकीटक, त्यांचे परिसराशी नाते आणि त्यांचे नियंत्रण हा त्याचा विषय. हजाराच्या घरात पाने. तो आजही या विषयातला आधारग्रंथ मानला जातो. परिसराशी नाते हा शब्द त्यांनी नियंत्रणाच्या आधी ठेवला आहे, हे मला महत्त्वाचे वाटले.

आता माझ्या घुणाकडे येतो. १९३७ साली बीसन यांनी बी. एम. भाटिया या भारतीय सहकाऱ्याबरोबर ज्या भुंगेऱ्यांच्या कुळावर प्रबंध लिहिला, त्याच कुळातला आमचा घुण आहे. तिळाएवढा तपकिरी किडा. कळकाची पाठ कठीण असते, तिथून त्याला शिरता येत नाही. तो शिरतो तोडलेल्या टोकातून, चिरलेल्या कडेतून. आणि तो येतो कळकातला पिठूळ अंश, म्हणजे स्टार्च, खायला. स्टार्च जास्त तितका घुण जास्त. जंगलात हाच किडा मेलेल्या कळकाचे पीठ करून ते मातीला परत देतो. तिथे त्याला कोणी चोर म्हणत नाही. आमच्या ओसरीवर आला म्हणून तो चोर झाला.

आणखी एक गोष्ट समजली तेव्हा मी ओशाळलो. चंद्राच्या कलांचा झाडांशी काही संबंध आहे काय, ही गोष्ट एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने थट्टेवारी नेलेली नव्हती. चंद्र आणि वनस्पतींची वाढ या विषयावर बीसन यांनी १९४६ साली नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात लेख लिहिला. मी मात्र न तपासताच अण्णांना गप्प केले होते.

मग मी अण्णांकडे गेलो आणि मागच्या वर्षीचा कळक कसा तोडला, कसा ठेवला, ते पहिल्यापासून विचारले. त्यातून एक गोष्ट निघाली. एरवी अण्णा तोडलेला कळक महिनाभर ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवतात. त्या वर्षी लग्नाच्या सुपांची घाई होती, म्हणून त्यांनी तो तसाच वापरला. वाहत्या पाण्यात भिजल्याने कळकातला पिठूळ आणि गोड अंश बराच कमी होतो. म्हणजे अण्णांच्या दोन रीती होत्या आणि मी एकीवर बोट ठेवताना दुसरी पाहिलीच नव्हती.

यंदा दिवाळीनंतर आम्ही दोघांनी शिराळ्याकडच्या एकाच बेटातून वीस कळक तोडले. दहा चांदण्या पाखात, दहा अंधाऱ्या पाखात. दोन्हींतले निम्मे भिजवले, निम्मे कोरडे ठेवले आणि मी त्यांवर खुणा केल्या. होळीला पाहिले तेव्हा कोरड्या दहांपैकी सात घुणले होते, चार चांदण्या पाखातले आणि तीन अंधाऱ्या. भिजवलेल्यांपैकी एकच घुणला होता. वीस कळकांवरून चंद्राचा निकाल लावता येत नाही, हे मला आता कळते. पाण्याबद्दल मात्र आम्हा दोघांना शंका उरली नाही.

बीसन निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले आणि म्हातारपणी जुन्या घड्याळांच्या नादी लागले. ऑक्सफर्डशायरमधल्या घड्याळजींवर आणि इंग्लंडमधल्या चर्चांच्या घड्याळांवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि आपला घड्याळांचा संग्रह ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाला देऊन टाकला. पोरवयात जमवलेली खापरे संग्रहालयाला देणारा मुलगा शेवटपर्यंत तसाच राहिला. १९७५ साली ते वारले.

अण्णांना मी त्यांची हकीगत सांगितली. भुंगेऱ्यांसाठी एवढी वर्षे जंगलात काढणाऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटले. साहेबाला कळक चिरता येत होता काय, एवढेच त्यांनी विचारले. ते मला सांगता आले नाही. अंधाऱ्या पाखाची रीत त्यांनी सोडलेली नाही, त्याला काही पैसे पडत नाहीत असे ते म्हणतात. पण पुढच्या दिवाळीला वीसाऐवजी चाळीस कळक तोडायचे त्यांनीच ठरवले आहे, आणि खुणा करायचे काम माझ्याकडे दिले आहे.