वीर नरिमन आणि १९३७ ची नेतेनिवड

महाराष्ट्राचे विधान भवन मुंबईत ज्या भागात उभे आहे, त्याला सारे जग नरिमन पॉइंट म्हणून ओळखते. निवडणुका पार पडल्या की राज्याच्या कानाकोपऱ्यांतून निवडून आलेले आमदार या भागात जमतात, पक्षोपक्षांच्या बैठका भरतात आणि विधिमंडळ पक्षांचे नेते निवडले जातात. निदान निवडल्याचे जाहीर तरी केले जाते. परंतु ज्याचे नाव या जागेने धारण केले आहे, त्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचे राजकीय जीवन अशाच एका नेतेनिवडीच्या बैठकीवर येऊन आदळले आणि तेथेच मोडून पडले, याची आठवण तेथे ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असेल. ती आठवण जागी करण्याचे कारण केवळ इतिहासाची हौस हे नाही. त्या बैठकीने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

नरिमन यांचा जन्म १८८३ साली ठाण्यात एका पारशी कुटुंबात झाला. व्यवसायाने ते वकील होते. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांच्या पिढीने काँग्रेसच्या आरंभीच्या काळात पारशी समाजाला मोठे स्थान मिळवून दिले होते. तथापि असहकाराच्या चळवळीनंतर त्या समाजातील पुष्कळशी प्रतिष्ठित मंडळी काँग्रेसपासून दूर सरकली. नरिमन यांनी मात्र उलट वाट धरली. स्वराज्य पक्षाच्या वतीने ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि तेथे त्यांना त्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी लढाई सापडली.

समुद्रातल्या जमिनीचा हिशेब

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची विलक्षण टंचाई निर्माण झाली होती आणि जमिनीचे भाव गगनाला भिडले होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० साली स्वतंत्र डेव्हलपमेंट खाते उघडून बॅक बेच्या समुद्रात भर घालून सुमारे ११४५ एकर जमीन निर्माण करण्याची प्रचंड योजना हाती घेतली. कर्ज काढून भरणी करावयाची आणि जमीन विकून कर्ज फेडावयाचे, असा हा सरळ हिशेब होता. तो चुकला. युद्धोत्तर तेजी ओसरली, जमिनीचे भाव खाली आले आणि इकडे खर्चाचे अंदाज मात्र चढत गेले. समुद्रभिंतीतून भरावाचा चिखल पुन्हा समुद्रात निसटू लागला, तेव्हा तर या योजनेची उघड थट्टा होऊ लागली. अखेर ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरांवरच काम थांबवावे लागले.

या साऱ्या व्यवहाराचा हिशेब मागण्याचे काम नरिमन यांनी चिकाटीने केले. कौन्सिलात आणि कौन्सिलाबाहेर त्यांनी अकार्यक्षमतेचे आणि भ्रष्टाचाराचे आरोप केले. सरकारला १९२६ साली चौकशी समिती नेमणे भाग पडले. हार्वी नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. परकीय सत्तेच्या राज्यात, त्याच सत्तेच्या एका अधिकाऱ्याविरुद्ध आपले म्हणणे न्यायालयात टिकविणे ही सोपी गोष्ट नव्हती. न्यायालयाने नरिमन यांना निर्दोष ठरविले. मुंबईकर त्यांना ‘वीर’ म्हणू लागले.

पुढील दहा वर्षे त्यांच्या उत्कर्षाची होती. १९२८ साली कलकत्त्यास भरलेल्या अखिल भारतीय युवक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीची धुरा त्यांनी वर्षानुवर्षे वाहिली. १९३४ साली काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. १९३५ साली ते शहराचे महापौर झाले. मुंबई शहरात काँग्रेस म्हणजे नरिमन, असे समीकरणच जणू होऊन बसले.

परंतु याच काळात त्यांच्याविषयी पक्षश्रेष्ठींच्या मनात किंतु निर्माण झाला होता. राजकारण आणि अध्यात्म यांची गांधीजी घालीत असलेली सांगड नरिमन यांना पटत नसे आणि ते ती नापसंती जाहीरपणे लिहून मांडीत. त्याहून गंभीर ठरले ते १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीचे प्रकरण. मुंबई शहराच्या दोन जागांपैकी डॉ. गो. वि. देशमुख यांची जागा काँग्रेसला मिळाली. कन्हैयालाल मुनशी मात्र पडले आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. शहर काँग्रेसचा अध्यक्ष असूनही नरिमन यांनी मुनशींच्या विजयासाठी मनापासून खटपट केली नाही, असा ठपका त्यांच्यावर आला. त्या वेळी त्याची रीतसर तड लावली गेली नाही. तो तसाच साचून राहिला.

मार्च १९३७

१९३५ च्या कायद्यानुसार प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. ती सर्वांत मोठा पक्ष ठरली. आता या पक्षाचा नेता कोण, यावर प्रांताचा मुख्य प्रधान कोण हे ठरावयाचे होते. शहरात सर्वतोमुखी एकच नाव होते, ते नरिमन यांचे. स्वतः त्यांचीही तीच अपेक्षा होती.

प्रत्यक्षात १२ मार्च १९३७ रोजी काँग्रेसच्या आमदारांनी बाळासाहेब खेर यांची एकमताने निवड केली. नरिमन यांचे नाव मतदानास आलेच नाही.

येथे प्रांताची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यात काँग्रेसच्या चार प्रांतिक समित्या होत्या: मुंबई शहर, गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक. नरिमन यांचे बळ पहिल्या समितीत एकवटलेले होते, तर बहुसंख्य आमदार इतर तिन्हींच्या जिल्ह्यांतून आलेले होते. सभा गाजविणारा महानगरी पुढारी आणि खेड्यापाड्यांतून निवडून आलेला प्रतिनिधी यांच्यात फारसा परिचय नव्हता. शिवाय निवडणुकीची सारी सूत्रे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हाती होती आणि त्यांचा नरिमन यांच्यावर विश्वास उरलेला नव्हता. सत्ता स्वीकारल्यानंतरही वरून आदेश येताच ती क्षणात सोडून देईल, असा नेता पक्षाला हवा होता. सरदारांच्या दृष्टीने हा प्रश्न शिस्तीचा होता. नरिमन यांच्या दृष्टीने तो अन्यायाचा होता. सरदारांनी आपले वजन खर्च करून आमदारांची मने वळविली, असा त्यांचा आरोप होता. वृत्तपत्रांतून वादळ उठले आणि ते पारशी असल्यामुळेच त्यांना डावलले, अशी कुजबुज सुरू झाली.

चौकशी आणि शिक्षा

काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांना कार्यकारिणीत हे प्रकरण हाताळावे लागले. शेवटी गांधीजींनी चौकशी करावयाचे ठरले आणि त्यांनी डी. एन. बहादुरजी या नामांकित पारशी कायदेपंडिताला सोबत घेतले. प्रश्न दोन होते: सरदारांनी नेतेनिवडीत गैर दडपण आणले काय, आणि १९३४ च्या निवडणुकीत नरिमन यांनी पक्षाशी विश्वासघात केला काय? ऑक्टोबर १९३७ मध्ये दोन्ही प्रश्नांचा निकाल नरिमन यांच्या विरुद्ध गेला. त्यांनी तो प्रथम मान्य केला आणि नंतर आपली मान्यता परत घेतली. कार्यकारिणीने त्यांना काँग्रेसमधील विश्वासाच्या व जबाबदारीच्या कोणत्याही पदास अपात्र ठरविले. आठ महिन्यांपूर्वी ज्याच्या गळ्यात मुख्य प्रधानपदाची माळ पडणार असे सारे शहर समजत होते, तो आता पक्षाच्या दारात परका झाला. त्यानंतर त्यांना ते पूर्वीचे स्थान कधीच मिळाले नाही. ४ ऑक्टोबर १९४८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

दैवाचा खेळ असा की, या प्रांताचा पहिला मुख्य प्रधान खरोखरच एक पारशी गृहस्थ झाला. पण तो काँग्रेसचा नव्हता. गव्हर्नरांच्या अधिकारांवरून काँग्रेसने सत्तास्वीकार लांबविला, तेव्हा साताऱ्याचे सर धनजीशहा कूपर यांनी एप्रिल ते जुलै १९३७ असे औटघटकेचे मंत्रिमंडळ चालविले. नंतर आलेल्या खेर मंत्रिमंडळातही डॉ. गिल्डर हे पारशी मंत्री होते आणि मुंबईतील दारूबंदीची जोखीम, पारशी समाजाचा विरोध पत्करून, त्यांच्याच हातून पार पडली. केवळ जातीमुळे नरिमन डावलले गेले, हा आरोप त्यामुळे तरी सहजासहजी स्वीकारता येत नाही.

ज्यांची निवड झाली ते खेर अपात्र होते काय? तसे त्यांचे शत्रूही म्हणणार नाहीत. रत्नागिरीस १८८८ साली जन्मलेला हा सॉलिसिटर विद्वान होता, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला होता आणि स्वभावाने सौम्य होता. त्यांच्या पहिल्या कारकीर्दीत १९३९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने मात्र कामगारांचा रोष ओढवला आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. नोव्हेंबर १९३९ मध्ये पक्षाचा आदेश येताच खेरांनी राजीनामा दिला. १९४६ साली ते पुन्हा नेते झाले आणि १९५२ पर्यंत त्यांनी राज्य चालविले. सरदारांची पारख चुकली नव्हती, असेच म्हणावे लागेल.

उरलेली शंका

मग प्रश्न मिटला काय? मुळीच नाही. योग्य माणूस निवडला गेला की नाही, हा एक प्रश्न आणि तो योग्य रीतीने निवडला गेला की नाही, हा दुसरा. खेरांची कारकीर्द पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे ती देऊ शकत नाही. नरिमन आणि सरदार, गांधीजी आणि खेर हे चौघेही काळाच्या पडद्याआड गेल्यावर, १९५९ साली, मौलाना आझाद यांचे आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात मौलानांनी नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याची आणि त्यामागे जातीचा विचार असल्याची बाजू मांडली. दोन मान्यवरांनी कसून केलेली चौकशी बावीस वर्षांनंतरही शंकेचा निरास करू शकली नाही. का?

कारण आमदारांची पसंती मोजली गेली नव्हती. वस्तूला किती मागणी आहे हे बाजारात समजते, त्याप्रमाणे प्रतिनिधींची पसंती मतपेटीतच समजते. ती व्यक्त झाल्याखेरीज मोजता येत नाही. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आमदारांना खेर खरोखरच अधिक पसंत असतील; नव्हे, तसेच असण्याचा संभव मोठा आहे. मग गुप्त मतदानाने ते सिद्ध झाले असते. नरिमन पडले असते, कदाचित मोठ्या फरकाने पडले असते. परंतु पराभवाला एक आकडा असतो आणि आकड्यापुढे मान तुकवावी लागते. अन्यायाच्या भावनेला आकडा नसतो, म्हणून ती वाढतच जाते. एकमताने एका बैठकीपुरती शांतता मिळविली आणि त्याची किंमत म्हणून पुढचे आठ महिने कलह आणि पुढची अनेक दशके संशय पदरी घेतला.

यात नरिमन यांचाही दोष आहे. बैठकीतच आपले नाव पुढे करून मतदान मागण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो सोडून त्यांनी वृत्तपत्रांचा आश्रय घेतला आणि स्वतः मागितलेला निवाडाही शेवटपर्यंत पाळला नाही. ज्याने सरकारकडून भरणीचा पै-पैचा हिशेब मागितला, त्याने आपल्याच सहकाऱ्यांच्या मतांचा हिशेब योग्य जागी आणि योग्य वेळी मागितला नाही, ही त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका होय.

याच विधिमंडळ पक्षाने पुढे दुसरी वाटही दाखविली. १९५६ साली, द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येण्याच्या सुमारास, यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात नेतेपदासाठी उघड लढत झाली. चव्हाणांना ३३३ आणि हिरे यांना १११ मते पडली. त्या निवडीमागील राजकारणाविषयी वाद घालता येईल, आकड्याविषयी नाही. कोण किती पाण्यात आहे, हे सर्वांना एकदाच आणि स्पष्ट समजले. म्हणूनच त्या निवडीसाठी कोणत्याही चौकशी समितीची गरज पडली नाही.

तरीही आपल्या राजकारणाने पहिलाच धडा अधिक गिरविला, हे कबूल केले पाहिजे. नेता निवडण्याचा अधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव, दिल्लीहून येणारे निरीक्षक आणि बंद पाकिटातील नाव हा प्रकार कोणा एका पक्षापुरता उरलेला नाही. वरून आलेले नाव कधी उत्तम असते, कधी सामान्य. परंतु ते उत्तम असले तरी त्या नेत्याला आपल्या सहकाऱ्यांचा पाठिंबा आहे की केवळ मौन आहे, हे त्याला स्वतःलाही कधी कळत नाही. १९३७ साली सरदारांसारखा निःस्पृह आणि कर्तबगार पुरुष वर बसला होता, तरी संशय टळला नाही. तेथे इतरांची काय कथा?

ज्या भरणीतील गैरव्यवहार नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तिच्याच पुढच्या टप्प्यांतून निघालेल्या जमिनीला शहराने त्यांचे नाव दिले. हा सन्मान मोठाच आहे. परंतु त्याहून मोठे स्मारक उभारणे तेथे जमणाऱ्या प्रत्येक विधिमंडळ पक्षाच्या हाती आहे आणि त्याला समुद्रात भर घालण्याची गरज नाही. टेबलावर एक मतपेटी ठेवावी आणि मते मोजावीत, एवढे पुरे आहे.