जायफळासाठी बेटं उजाड करणारा कून

आपल्या बिर्याणीच्या मसाल्यात जायफळ आणि जायपत्री हवीच. चारशे वर्षांपूर्वी हे जायफळ जगात फक्त एकाच ठिकाणी पिकायचं, आजच्या इंडोनेशियातल्या चिमुकल्या बांदा बेटांवर. तिथले लोक बहुतेक मुसलमान, पिढीजात व्यापारी. त्यांना राजा नव्हता. 'ओरांग काया' म्हणवले जाणारे प्रतिष्ठित लोक कारभार बघायचे. या बेटांचा घास घेतला तो यान पीटरझून कून याने.

कूनचा जन्म १५८७ सालचा, हॉलंडमधल्या होर्न गावचा. तरुणपणी रोममध्ये तो हिशेब शिकला आणि १६०७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पूर्वेकडे निघाला. पुढे गव्हर्नर जनरल झाला. १६१९ मध्ये त्याने जावा बेटावरचं जयकर्ता शहर जाळून टाकलं. त्या राखेवर वसवलेल्या नव्या शहराला त्याला आपल्या होर्न गावाचं नाव द्यायचं होतं. कंपनीच्या मालकांनी मात्र बटाव्हिया हे नाव ठरवलं, डच लोक ज्यांना आपले पूर्वज मानत त्या टोळीवरून. शहर जावातलं, नाव हॉलंडचं!

सगळं जायफळ फक्त आम्हालाच विका, हा कंपनीचा हट्ट होता. बांदाचे लोक मात्र इंग्रजांना आणि जावाच्या व्यापाऱ्यांनाही माल द्यायचे. १६२१ मध्ये कून आरमार घेऊन बांदावर उतरला. सेलामोन गावातली मशीद डच सैनिकांनी मुक्कामासाठी घेतली. एका रात्री तिथला टांगलेला दिवा खाली पडला. हल्ल्याचा इशारा समजून सैनिकांनी गोळीबार सुरू केला. पुढे ४४ ओरांग काया भाडोत्री जपानी सैनिकांच्या तलवारीखाली मारले गेले. बेटांवर अंदाजे १५ हजार लोक होते. उरले जेमतेम हजार. सुमारे ८०० जणांना गुलाम करून बटाव्हियाला नेलं. बागा डच मालकांना वाटल्या आणि राबायला बाहेरून गुलाम आणले.

१६२९ मध्ये मातारामच्या सुलतान अगुंगच्या फौजेने बटाव्हियाला वेढा घातलेला असताना कून तिथेच आजारपणात मेला. १८९३ मध्ये होर्नमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. आज तिथलेच लोक त्यावरून वाद घालतात.

बटाव्हिया हे नाव १९४२ मध्ये गेलं आणि जकार्ता आलं. जीव वाचवून होड्यांतून पळालेले काही बांदावासी काई बेटांवर पोहोचले. तिथल्या दोन गावांत त्यांचे वंशज आजही बांदाचीच भाषा बोलतात. त्या गावांची नावं बांदा एली आणि बांदा एलात. कूनने बेटं रिकामी केली, पण गावाचं नाव लोक सोबत घेऊन गेले.